भरल्या गाडीचं माप

"रिकामी गाडी मला कशाला दाखवता, वैनी?" दस्तगीर मिस्त्री गाडीखालूनच म्हणाले. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते, आणि एकाच पायात चप्पल. "रिकाम्या गाडीवर पाटं केलं तर ते रिकाम्या गाडीपुरतंच चालतंय. भरून आणा."

भरून म्हणजे काय काय भरून, असं मी विचारलं.

"जे घेऊन फिरणार ते समदं. गाद्या, भांडी, सिलेंडर. पाणी हितं माझ्या नळावर भरा. आणि माणसं. जी फिरणार ती, आपापल्या जागेवर बसल्याली. त्याबिगर मी टेप लावत न्हाई."

मी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं. रणधीर भट्टीकडे टक लावून उभे होते, जसं काही जन्मात पहिल्यांदाच विस्तव बघताहेत.

फिरणारी माणसं तीन. रणधीर, मी आणि आई. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यातल्या दोघांची काही अडचण नव्हती.

कोल्हापुरात उद्यमनगरात गाडीचे पाटे करणारे बरेच आहेत. पाटे म्हणजे मागच्या चाकांवर गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या. एकीवर एक रचलेल्या, धनुष्यासारख्या वाकवलेल्या. भार जास्त झाला, वर्षं जास्त झाली की त्यांची कमान जाते, त्या सपाट होतात आणि गाडीचं मागचं अंग खाली बसतं. मग मिस्त्री त्या काढतो, तापवून पुन्हा कमान देतो आणि भार बघून एखाद-दुसरा पाटा वाढवतो. कमी वाढवला तर गाडी पुन्हा बसते. जास्त वाढवला तर रिकामी गाडी आतल्या माणसाचे दात खिळखिळे करते. म्हणून माप. बाकीचे मिस्त्री ते नजरेनं घ्यायचे. दस्तगीर मिस्त्री भरल्या गाडीचंच घ्यायचे, आणि त्यापायी गिऱ्हाईक परत गेलं तरी त्यांना चालायचं.

आमची गाडी म्हणजे जुनी मॅटाडोर. आधी शाळेची पोरं न्यायची, मग एका बँडपथकाकडे गेली. आमच्याकडे आली तेव्हा आतल्या छताला ढोलांनी पाडलेले पोचे होते. रणधीर फौंड्रीत पॅटर्न करायचे, म्हणजे ओतकाम करायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना. त्यांनी रविवार घालवून त्या गाडीचं घर केलं. मागं रुंद पलंग, एका बाजूला ओटा, कपाटं, पाण्याची मोठी टाकी, आणि पडद्याआड एक खुर्ची, जिच्याबद्दल पाहुण्यांना आम्ही काही सांगत नसू. मी घरी गाद्यांची कव्हरं शिवायची कामं घ्यायचे. कुणाकडे जाऊन शिकले नव्हते, जुनी कव्हरं उसवून उसवून शिकले. तेव्हा गाडीतलं कापडाचं सगळं माझं. लाकडाचं ह्यांचं. आणि लाकूड म्हणजे प्लाय नव्हे, बोटाबोटाची जाड फळी. साच्यांच्या कामातल्या माणसाला हलकं काही करताच येत नाही.

गाडी केली होती आईंसाठी. एसटीच्या पायऱ्या त्यांना चढवेनात, चढल्या तर बाकड्यात बसवेना, आणि वाटेत उतरायची वेळ आली तर ती सोय कुठं, ही तिसरी पंचाईत. देहानं त्या फार वाढल्या होत्या. सासरे गेल्यावर वाढल्या, गुडघे धरल्यावर आणखी वाढल्या, मग बाहेर जाणं सुटलं आणि त्या घरातच वाढत राहिल्या. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा आमच्या घरात ह्या विषयावर कुणी अवाक्षर काढत नसे. 'आईंचे गुडघे' असं म्हणायची पद्धत होती.

त्यांना जायचं होतं सावंतवाडीला, धाकट्या बहिणीकडे. शेवंतामावशी. तिच्या डोळ्यांत काचबिंदू होता आणि दृष्टी जात चालली होती, गेलेली परत यायची नव्हती. दर रविवारी तिचा फोन यायचा. "अक्का, दिसतंय तवर ये गं." आणि दर रविवारी आई सांगायच्या, येते गं, पाऊस उलगडू दे. मग, येते गं, दिवाळी होऊ दे. मग हळदीकुंकू होऊ दे. फोन ठेवला की त्या बराच वेळ दाराकडे पाठ करून बसत.

गाडी तयार झाल्यावर पहिली फेरी आम्ही नृसिंहवाडीची काढली होती. मागच्या दाराला रणधीरनी बुटकी, रुंद पायरी केली होती आणि शेजारी धरायला दांडा. गल्लीतली चार माणसं बघायला उभी होती. आई दांडा धरून चढल्या, आत गेल्या, पलंगावर बसल्या. आणि गाडी बसली. खालून खट्ट असा आवाज झाला, पुढचे दिवे आभाळाकडे बघायला लागले. रणधीर म्हणाले, "बघ आई, तू बसलीस म्हणून गाडीपण बसली."

गल्ली हसली. वाईट कुणाच्या मनात नव्हतं. आईही हसल्या, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

वाडीला त्या गाडीतून उतरल्याच नाहीत. तुम्ही जाऊन या, मी हितनंच हात जोडते म्हणाल्या. उतरलं तर पुन्हा चढावं लागलं असतं, आणि वाडीला काय गर्दी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यानंतर त्या गाडीकडे फिरकल्या नाहीत. गुडघे, म्हणाल्या. गाडी दारात होती, बहीण फोनवर होती, आणि आई खुर्चीत.

रणधीरना त्यांचा विनोद दुसऱ्या दिवशी कळला. काही माणसांना आपलं बोललेलं उशिरा ऐकू येतं. ते आईला काही म्हणाले नाहीत, मला काही म्हणाले नाहीत, फक्त एका सकाळी चहा पिताना भिंतीकडे बघून म्हणाले, टाकी फार जड झालीय, मागचे पाटे वाढवून घ्यायला पाहिजेत. एवढ्या मोठ्यानं म्हणाले की आत देवघरात ऐकू गेलं असेल. पुढं महिनाभर आमच्या घरात त्या टाकीचीच निंदा चालू होती.

आणि आता दस्तगीर मिस्त्री म्हणत होते, माणसं आणा.

ते काम माझ्याकडे आलं. असली कामं माझ्याकडेच येतात. मी आईंना म्हटलं, कुठं जायचं नाही, मिस्त्रींच्या आवारात गाडीत बसायचं, चहा घ्यायचा आणि परत यायचं. आई म्हणाल्या, मापाला माणूस कशाला लागतंय? मी म्हटलं, लागतं, त्यांची तशी रीत आहे. मग म्हणाल्या, शेजारच्या इंगळ्यांच्या सुनेला घेऊन जा, ती बसेल माझ्या जागेवर. इंगळ्यांची सून तुमच्या निम्मीसुद्धा नाही, हे माझ्या ओठांपर्यंत आलं होतं. गिळलं. तुमच्याच जागेवर तुम्हीच बसायला पाहिजे म्हणतात, एवढंच सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, मग रिक्षानं येते. गल्लीत गाडीत चढणार न्हाई.

शुक्रवार होता. आम्ही गाडी भरून उद्यमनगरात नेली. मिस्त्री दुपारच्या नमाजला निघालेच होते. म्हणाले, पाणी भरा, बसून घ्या, आल्याबरोबर माप घेतो. मी नळाला पाइप लावायच्या खटपटीत. पाइप लागतो तर टाकीपर्यंत पुरेना, पुरतो तर नळावरून सुटतोय. तेवढ्यात रणधीर म्हणाले, मी जरा सायलेन्सर बघतो, आणि एक पोतडं घेऊन गाडीखाली सरकले. बराच वेळ होते. बाहेर आले ते पांढऱ्या शर्टाला पाठभर ग्रीस. त्या शर्टावरून मी त्यांना जे बोलायचं ते बोलले. त्यांनी मुकाट्यानं ऐकून घेतलं. एरवी ते एवढं ऐकून घेत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं.

मग पाणी भरलं, टाकी काठोकाठ. आई रिक्षातून आल्या. काठपदराचं लुगडं नेसून आल्या होत्या, जणू कुणाच्या घरी बोलावणं आहे. आवारात एक ट्रक उभा होता, त्याचा ड्रायव्हर टायरला टेकून तंबाखू मळत होता. आईंनी त्याच्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. त्यांनी दांडा धरला, पायरीवर पाय ठेवला, आत चढल्या.

गाडी हलली नाही.

आई तिथंच दारात दांडा धरून क्षणभर उभ्या राहिल्या, खाली बघत. मग जाऊन पलंगावर बसल्या. तरीही नाही. मला वाटलं, पाण्याचा भार सगळीकडे सारखा पडला असेल. गाड्यांतलं मला काय कळतंय.

मिस्त्री आले. आम्ही तिघं आपापल्या जागी बसून होतो, एखाद्या फोटोसाठी बसावं तसे. त्यांनी चाकाच्या मध्यापासून वरच्या कडेपर्यंत टेप धरली, मग दुसऱ्या बाजूनं धरली, मग पहिल्या बाजूला परत आले. "बोटभरसुद्धा बसली न्हाई," म्हणाले. "जुनं लोखंड इमानी असतंय. एक पाटा वाढवला की बास."

चहा आला. मिस्त्रींच्या आवारात माप झाल्यावर गाडीतल्या माणसांना गाडीतच चहा मिळायचा, ही त्यांची दुसरी रीत. आईंनी खिडकीतून कप घेतला आणि मिस्त्रींना विचारलं, भट्टीजवळ दिवसभर उभं राहून डोळ्यांना त्रास होत न्हाई? मिस्त्री म्हणाले, होतोय की. पण कान शाबूत हाईत. पाटा तयार झाला की वाजून सांगतोय. आई त्यावर विचार करत चहा प्यायल्या.

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता मी ऐकलं ते मला खरं वाटेना. आई म्हणाल्या, "मग निघायचं कधी?"

मी रणधीरकडे बघितलं. रणधीर भाकरीकडे बघत होते.

पाटे बसवून गाडी आली, आणि पुढच्या बुधवारी सकाळी आम्ही निघालो. शेवंतामावशीला फोन करून सांगितलं होतं. तिकडे ती म्हणे रडली आणि लगेच विचारलं, काय खाणार. आई दारातल्या दारात चढल्या, सकाळी लवकर, गल्लीला जाग यायच्या आधी. ह्या वेळी गाडी बसली. पहिल्याइतकी नाही, पण बसली. मी मागे आईंच्या शेजारी बसले. रणधीरनी गाडी चालू केली ती अशी हळू, की दुधाच्या सायकली पुढं गेल्या.

कागलच्या पुढं रस्ता खराब होता. पहिला खड्डा आला आणि खालून खट्ट. दुसरा आला आणि खट्ट, आणि ओट्यावरचा डबा खाली. तिसऱ्याला आई आणि मी दोघी जागच्या उडालो. आईंनी एका हातानं कपाट धरलं, दुसऱ्या हातानं मला. त्यांचा चेहरा हळूहळू नृसिंहवाडीच्या दिवशीसारखा होत गेला, आणि मला ते बघवेना. मी ओरडून म्हटलं, अहो, वळवा गाडी. आधी त्या मिस्त्रीकडे चला.

"जयू, राहू दे," आई म्हणाल्या. "घरी जाऊ. माझं काय अडलंय?"

त्यांचं काय अडलं होतं ते मला माहीत होतं. घरी गेलो असतो तर पुन्हा त्या गाडीत चढल्या नसत्या. मी ऐकलं नाही.

उद्यमनगरात उतरल्या उतरल्या मी मिस्त्रींना धरलं. एवढं भरून आणायला लावलंत, म्हाताऱ्या माणसाला रिक्षानं बोलावलंत, आणि हे काम? आमची भांडी फुटली, माणसाचं हाड मोडलं असतं. मी बोलत सुटले. मिस्त्री गाडीखाली गेले. बाहेर आले आणि जमिनीवरच बसले. तोच ट्रकवाला पुन्हा आला होता, की गेलाच नव्हता कोण जाणे. तो म्हणाला, "मिस्त्री, आता वय झालं. टेप पोराच्या हातात द्या."

मिस्त्री त्याच्याकडे बघेनात, माझ्याकडेही बघेनात. "माप मीच घेतलंय," ते म्हणाले. "चुकलं असंल तर माझंच चुकलं. पाटं काढतो, फिरून करून देतो. पैशाचं बोलू नका." आणि मग स्वतःशीच म्हणाले, "टेप दोनदा लावली होती की."

रणधीर बाजूला उभे. तोंड लाल. काहीतरी बोलायला ओठ उघडायचे आणि मिटायचे. मला त्यांचाही राग आला. म्हटलं, तुम्ही तरी बोला. ते म्हणाले, जाऊ दे, करून देताहेत ना.

"मिस्त्री," गाडीतून आईंचा आवाज आला. "तुमचं माप बरोबर हुतं."

त्या खिडकीशी आल्या होत्या.

"आई, राहू दे," रणधीर म्हणाले.

"राहू दे कसं? त्या माणसाचं नाव जातंय." आई मिस्त्रींकडेच बघत होत्या. "ह्यानं खाली ठोकळं घातलं हुतं. गाडी बसू नये म्हणून. मापाच्या येळंला."

मला काही समजेना. मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं?

"सांगायला कशाला पायजे? मी पाय ठेवला आणि गाडी हलली न्हाई. जयू, मी पाय ठेवल्यावर न हलणारी वस्तू मी अजून बघितल्याली न्हाई."

मिस्त्री उठून उभे राहिले. रणधीर खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, माप म्हणजे नुसती रीत आहे. तिला पुन्हा तसं व्हायला नको होतं." बस, एवढंच. चाळिशी उलटलेला माणूस शाळेत उभं केल्यासारखा उभा होता.

तेव्हा मला सगळं उलगडलं. पोतडं, त्यातून खाली नेलेले आणि माप झाल्यावर गुपचूप काढून घेतलेले ठोकळे, ग्रीस, तो मुकाट्यानं ऐकून घेतलेला शर्ट. मुलगा आईसाठी गप्प, आई मुलासाठी गप्प, आणि त्या दोघांच्या मधे हा माणूस आपलं चुकलं म्हणून जमिनीवर बसलेला. आणि वर मी त्याच्या अंगावर ओरडत.

"आता खरं काय ते घ्या," आई म्हणाल्या. त्यांनी पदर सारखा केला, दोन्ही खांद्यांवरून घेतला. मला वाटलं थांबतील. "एकशे अकरा किलो. गेल्या म्हैन्यात दवाखान्यात केलंय. नर्सबाई मोठ्यानं वाचायला लागली, तवा मी तिचा हात धरला हुता."

आवारात भट्टीचा भाता तेवढा वाजत होता. ट्रकवाला तंबाखू मळायचा थांबला.

मिस्त्री खिडकीपाशी गेले. हसले नाहीत, की कीव केल्यासारखं तोंडही केलं नाही. "अक्का," ते म्हणाले, "हितं ट्रकवालं येत्यात. भरत्यात वीस टन आणि सांगत्यात बारा. मग पाटा तुटला की मला शिव्या. खरा भार आपल्या तोंडानं सांगितल्यालं गिऱ्हाईक तुम्ही पहिलंच." ट्रकवाल्यानं मान दुसरीकडे वळवली. "चला. फिरून माप घेऊ. ठोकळ्याबिगर."

आईंनी उतरायचं आणि पुन्हा चढायचं ठरवलं. गरज नव्हती, त्या आतच होत्या. पण त्या उतरल्या, आवारात उभ्या राहिल्या, गुडघ्यांना दम दिला आणि सगळ्यांसमोर पायरीवर पाय ठेवला. गाडी कुरकुरली, खाली गेली, खट्ट वाजली. रणधीरनी हात पुढं केला होता.

"हात नको. दांडा हाय," आई म्हणाल्या. मग आत बसल्यावर, जरा वेळानं: "ठोकळं कसलं हुतं?"

"सागवान."

"सागवान घालवलंस व्हय रं त्यात?"

आणि रणधीर हसायला लागले ते डोळे पुसत.

काम दिवसभराचं होतं. मिस्त्रींनी बाकीची कामं सारली. आवाराच्या कडेला पत्र्याच्या सावलीत ट्रकची एक जुनी सीट टाकलेली होती, तिच्यावर मी गाडीतली गादी आणून घातली आणि आम्ही दोघी बसलो. समोर पाटे लालभडक होऊन भट्टीतून येत होते, ऐरणीवर वाकत होते, तेलात जाऊन धूर सोडत होते. रणधीर मिस्त्रींच्या हाताखाली मुकाट्यानं राबत होते. दुसरा शर्टही गेला.

मी मावशीला फोन करून सांगते म्हटलं, की आज नाही, उद्या येतो. आई म्हणाल्या, सांग. मग म्हणाल्या, "जयू, ती म्हणायची, दिसतंय तवर ये. आणि मी मनात म्हणायची, दिसायचं बंद झालं की जाईन."

मी फोन खाली ठेवला.

"मी धा वर्सात तिच्यापुढं गेल्याली न्हाई. तिला मी ठावं हाय ती नदीवरनं धुण्याची बुट्टी डोक्यावर घेऊन पळत येणारी. तिचं लग्न मी उभ्यानं काढलंय, चार दीस बसले न्हाई. तीच राहू दे तिच्या डोळ्यांत, असं वाटायचं. पाऊस होऊ दे, दिवाळी होऊ दे. मी पावसाची वाट बघत नव्हते गं. सख्ख्या बहिणीचं डोळं जायची वाट बघत बसले."

त्यांच्या पदरावर भट्टीची राख उडून पडली होती, ती मी झटकली.

"मग आज?" मी विचारलं.

"आज मोठ्यानं बोलून बघितलं," त्या म्हणाल्या. "काय झालं न्हाई."

तेलात नवा पाटा गेला आणि धुराचा लोट आमच्याकडे आला. आईंनी डोळे मिटून घेतले. दस्तगीर मिस्त्रींनी पाटा बाहेर काढून हातोडीनं एकदा ठोकला, मान कलती करून ऐकलं आणि रणधीरकडे बघून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी आंबोलीचा घाट आम्ही उतरलो तो अगदी पाण्यावरून गेल्यासारखा. गाडी प्रत्येक वळणावर जरा झुकायची आणि पुन्हा आपली आपण सरळ व्हायची. आई मागच्या खिडकीतून दरी बघत होत्या. मधेच एकदा गाडी थांबवायला लावली, उतरल्या, रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, चढल्या. कशाला उतरल्या होत्या ते सांगितलं नाही.

सावंतवाडीत शेवंतामावशीचं घर गल्लीच्या टोकाला, पुढं सारवलेलं अंगण. ती पायरीवर बसून होती, सकाळपासून बसली असावी. लहानखुरी, वाळकी, केस पांढरेशुभ्र. गाडीचा आवाज ऐकून उठली. रणधीर उतरून पाया पडले, मी पडले, पण तिचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. मागचं दार उघडलं. आई दांडा धरून खाली आल्या आणि अंगणात उभ्या राहिल्या. नवं लुगडं, हातात पिशवी. पिशवी त्यांनी पोटासमोर धरली होती.

मावशी पुढं आली. हातभर अंतरावर थांबली आणि तिनं मान विचित्र हलवायला सुरुवात केली. आधी वर, मग डावीकडे, मग उजवीकडे, मग खाली. तेव्हा मला कळलं की तिच्या काचबिंदूनं कडेकडेचं सगळं खाऊन टाकलं होतं. उरलं होतं ते नळीतून बघावं तसं, मधलं एवढंसं. चेहरा दिसला तर खांदा दिसत नव्हता, खांदा दिसला तर हात. ती आईंना तुकड्यातुकड्यानं जोडत होती. आई डोळे मिटून उभ्या होत्या. पिशवी हातात घट्ट.

"अक्का," मावशी म्हणाली, "तू एका नजरेत मावत न्हाईस गं आता."

रणधीरनी माझा हात धरला होता.

"थांब. हलू नको," मावशी म्हणाली. "सावकाश बघते."

आईंनी पिशवी खाली ठेवली, आणि दोन्ही हात बाजूला सोडून थांबून राहिल्या.